मी गाळलेला 'हो'

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिलिंदलाही नाही, आणि तो तर माझा नवरा. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. मध्येच अडखळले तर अडखळू द्या मला.

काही वर्षांपूर्वी ग्लासगोला वादळाची रेड वॉर्निंग आली होती. वारा आणि बर्फ, दोन्ही एकदम. बाहेर पडू नका, वीज जाईल, तयारीत राहा — सकाळपासून फोन नुसता कोकलत होता. दुकानात ब्रेड नाही, दूध नाही, बॅटऱ्या नाहीत. मिलिंद गार्डनमध्ये कचऱ्याचे बिन दोरीनं कुंपणाला बांधत बसलेला, जणू ते पळूनच जाणार होते! घरात मी एकटी: थर्मास शोधा, ब्लँकेटं काढा, दिवाळीच्या उरलेल्या पणत्या काढा. आमची शेगडी विजेवरची, म्हणून तिखटामिठाच्या पुऱ्या आधीच तळून ठेवा. डोक्याचा पार भुगा झाला होता.

आणि त्यात काकूंचे फोन.

काकू म्हणजे सख्ख्या नव्हेत हं. गावाबाहेर बंगल्यात एकट्या राहायच्या, मुलगा नीलेश लंडनला, हॅरोत. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा त्यांनी आम्हाला महिनाभर जेवू घातलं होतं — हे खरं आहे, ते लपवत नाही. पण बाई अशी, की माझ्या पोह्यांत साखर का नाही, माझे पडदे असे का, माझी लेक 'मी जाते' का म्हणते! "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं," — हे तिला दारात थांबवून, बूट घातलेल्या पायांनी, तीन-तीनदा म्हणायला लावायच्या. माझं पित्त खवळायचं. पण उलटून कधी बोलले नाही. गोड हसायचे मी.

त्या दिवशी फोनवर फोन: तुळस आत घेऊ का? कुंपण पडेल का? शेवटी दूध आणि थोड्या पुऱ्या घेऊन मीच गेले. वाटलं, एकदाचं तोंड दाखवून यावं. निघताना त्या दारापर्यंत आल्या. वाऱ्यानं दार हातात ठरत नव्हतं. म्हणाल्या, "एकटीला भीती वाटते गं. उद्या सकाळी मला तुझ्याकडे न्यायला येशील ना?"

मी म्हटलं, "हो, येते."

गाडीत बसतानाच मला माहीत होतं की मी जाणार नाही. विसरले नाही, रस्ता बंद झाला नाही. सकाळी रस्ता चांगला उघडा होता. मला नकोच होत्या त्या. वीज गेलेल्या घरात दोन दिवस त्यांची टकळी ऐकायची? नको म्हणजे नको! सकाळी त्यांचा फोन वाजला, मी नाव बघितलं आणि वाजू दिला. परत वाजला. मिलिंदनं विचारलं, काकूंना आणायचं का? मी म्हटलं, नको म्हणाल्या त्या. दुपारी बर्फानं रस्ता बुजला, वीज गेली, फोन गेले. आम्ही पणत्या लावून पुऱ्या खाल्ल्या. लेकीला तर सगळी मजाच वाटत होती.

तिकडे काकूंनी फ्रिज रिकामा केला होता. घर सोडताना करायच्या तसा घर गरम ठेवणारा बॉयलर बंद केला होता. कोट, बूट, टोपी घालून, बॅग मांडीवर घेऊन त्या दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. बॉयलर पुन्हा लावावा असं मनात येईपर्यंत वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं बर्फ उपसताना दाराच्या काचेतून त्यांना पाहिलं आणि अँब्युलन्स बोलावली.

वाचल्या. न्यूमोनियातून उठल्या. पण इथेच संपलं असतं तर मी हे कधीतरी मिलिंदला सांगितलंही असतं.

नीलेश आला. हॉस्पिटलमध्ये सगळे काकूंना विचारत होते, घर गार करून दाराशी का बसलात? त्या एकच सांगत होत्या — ही न्यायला येणार होती. मग त्यानं मला विचारलं, अगदी साधेपणानं, "मावशी, तू खरंच असं बोलली होती?"

मी काय केलं असेल? मी त्याला मराठी शिकवलं! म्हटलं, अरे, आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी नुसतं 'येते' म्हटलं. तो इथेच जन्मलेला, त्याला कुठलं माहीत. "म्हणजे बाय-बायसारखं?" "हो, बाय-बायसारखं." त्यानं कपाळाला हात लावला. "आईचा डोका आता नीट नाही चालत, मावशी."

तो 'हो' मी गाळला. काकूंचा प्रश्नही गाळला. नीलेशनं तेच डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं — आईला निरोपाचा शब्द आणि वचन यांतला फरक कळेनासा झालाय. मी शेजारी उभी होते, मान हलवत. पुढे त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं, बंगला विकला, काकू केअर होममध्ये गेल्या. तिथे मराठी बोलणारं कुणी नाही.

त्यांच्या डोक्याला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. हे ठामपणे सांगू शकणारी जगात मी एकटीच होते. बोलले असते तर काय झालं असतं? चार लोकांत माझी लाज गेली असती. बस, एवढंच.

मी भेटायला जाते अधूनमधून. आता त्या पोह्यांबद्दल काही बोलत नाहीत. प्रत्येक गोष्ट विचारून घेतात — मी जेवले का गं, आज रविवार ना गं, तूच सांग, माझं काही खरं नाही. मागच्या खेपेला माझा हात धरून म्हणाल्या, "त्या वादळात मीच भलतंच ऐकलं बघ. उगाच तुझं नाव घेत बसले सगळ्यांसमोर. राग नको धरूस हं."

मी म्हटलं, "असू दे हो काकू, होतं असं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.