भेटायला येणाऱ्यांची पाळी

‘‘हा हात कुणी ओढला?’’

मी विचारलं. आबांच्या उजव्या खांद्याला नुसतं बोट लावलं तरी त्यांचं तोंड वाकडं होत होतं. सांधा गरम लागत होता आणि जागेवरून जरा खाली सरकला होता. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात. अशा माणसाला हाताला धरून उठवलं, की सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून त्याला उठवताना आपला हात त्याच्या पाठीमागे नेऊन पाठीच्या पात्याला आधार द्यायचा असतो. पलंगावरून खुर्चीत नेण्याच्या या कामाला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. आबांच्या सुनेला, सुनंदाला, मी तो शिकवला होता आणि ती तो माझ्या असिस्टंटपेक्षाही बरा करायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात मी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करत होते. लुनावरून घरोघरी जायचे. फिजिओथेरपी हा शब्द लोकांच्या तोंडात बसला नव्हता, त्यामुळे ‘मालिशवाल्या बाई आल्या’ असंच माझं स्वागत व्हायचं. आधी चिडायचे, मग चिडणं सोडून दिलं. आबांचं घर पिंप्राळ्यात. आबा रिटायर्ड मास्तर. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून एखाददुसरा शब्द निघायचा. त्यांची बायको आधीच वारलेली. मुलगा विलास चाळीसगावला नोकरीला, रोज रेल्वेनं अप-डाउन करणारा. म्हणजे दिवसभर घरात आबा आणि सुनंदा.

हात धुवायला मी स्वयंपाकघरात गेले, तशी ती मागोमाग आली.

‘‘मॅडम, मीच ओढला. चुकून नाही. रागानं ओढला.’’

मी नळ बंद केला.

‘‘ते उठताना अंग एकदम ताठ करतात. मला उचलवत नाही. बाहेर माणसं बसलेली, चहा व्हायचा होता. माझं डोकं फिरलं. आता मला माझीच भीती वाटते. उद्या याहून वाईट काही झालं माझ्या हातून, तर?’’

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. पुढे ती म्हणाली, ‘‘आबांचं करायला मला जड नाही वाटत. पण बाहेरचं फाटक वाजलं ना, की कुठेतरी पळून जावंसं वाटतं.’’

हे फाटक माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जास्त वेळ थांबले आणि मग मला सगळा प्रकार दिसला. आबांचं मूळ गाव धुळ्याच्या रस्त्याला. गावातला निम्मा तरी माणूस त्यांच्या हाताखाली शिकलेला, उरलेले भाऊबंद. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला गेलं नाही, तर त्याचा राग पुढच्या लग्नापर्यंत टिकतो. त्यामुळे एसटीच्या प्रत्येक गाडीनं कुणीतरी यायचं. हातात डझनभर केळी. जळगावात केळी आणणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको, त्या घरात माशासुद्धा केळ्यांना कंटाळल्या होत्या. यायचं, पलंगाभोवती बसायचं, ‘कसं व्हयनं?’ विचारायचं. ते सुनंदानं पहिल्यापासून सांगायचं. मग कुणी म्हणायचं कबुतराचं रक्त चोळा, कुणी म्हणायचं अमुक गावचा वैद्य बघा. मग चहा. लांबचे असतील तर पोहे. जेवायची वेळ झाली की जेवण. सुनंदाचं स्वतःचं जेवण केव्हा होतं, ते मला दिवसभरात काही दिसलं नाही.

मी विलासला गाठलं. ‘‘सुनंदाला सुट्टी पाहिजे.’’

‘‘मॅडम, ती काय नोकरीला आहे का?’’

‘‘नोकरीला असती तर रविवार मिळाला असता.’’

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता, फक्त सकाळच्या गाडीला जाऊन रात्रीच्या गाडीला येणारा होता. त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. पेंटरकडून बोर्ड रंगवून आणला आणि फाटकावर टांगला, ‘पेशंटला आरामाची गरज आहे. कृपया भेटू नये.’

या बोर्डाचा परिणाम जोरदार झाला. कुणीतरी तो वाचून गावी गेला आणि त्यानं सांगितलं, आता भेटूही देत नाहीत. गावानं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. पुढच्या रविवारी एक मेटॅडोर भरून माणसं दारात उतरली. एका बाईनं फाटकापासूनच गळा काढला. आत आबा खुर्चीत बसून डाव्या हातानं केळं खात होते. ती बाई मध्येच थांबली आणि पदर सावरत बाजूला जाऊन बसली.

मी नेमकी त्याच वेळी तिथे होते. हसू दाबत आत गेले, तर सुनंदा चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, उभी. मोठ्या पातेल्यातलं दूध उतू चाललं होतं. ती ते बघत होती. हात पुढे होत नव्हता. गॅस तिच्या हाताशी होता, आणि तिला बंद करावासा वाटत नव्हता की जमत नव्हता, कोण जाणे. मी गॅस बंद केला. तिला माळ्यावर झोपायला पाठवलं आणि आतून दाराची कडी लावून घे म्हटलं. मला मनापासून भीती वाटली होती. लकव्याचा पेशंट मी महिनोन्‌महिने सांभाळू शकत होते. पण ही बाई अशीच चालली असती, तर त्या घरात दुसरा पलंग मांडावा लागला असता.

मी बाहेर आले. समोर आबांचे थोरले चुलतभाऊ, बापू, भिंतीला टेकून बसले होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. मी सरळ सांगितलं, ‘‘आज चहा होणार नाही. आणि यापुढे जो आबांना भेटायला येईल, त्यानं आधी आबांचा व्यायाम करून द्यायचा.’’

बापूंच्या भुवया वर गेल्या. ‘‘पाव्हनास्ले काम सांगतस का, बाई?’’

‘‘तुम्ही पाहुणे कसले? भाऊ ना तुम्ही त्यांचे?’’

माझं काम गेलं, असं मी धरून चालले. बापूंनी आबांकडे बघितलं. मग त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

‘‘सांगा, काय करनं शे. नुसतं बठीसन आमले बी कटाळा येस.’’

मी त्यांना पॅसिव्ह एक्सरसाइज शिकवला. पेशंटला स्वतःला हात-पाय हलवता येत नाहीत, तेव्हा दुसऱ्यानं ते हळूहळू, सांध्याच्या हद्दीत हलवून द्यायचे. शेतकऱ्यांचे पंजे ते. सुरुवातीला मला ओरडून सांगावं लागलं, की हा आबांचा गुडघा आहे, नांगराचा फाळ नाही. दुखरा खांदा मी कुणाच्याच हाती दिला नाही, तो माझ्याकडे ठेवला. मग आबांना उभं करायला शिकवलं, आणि तिथे मला एक गोष्ट दिसली. सुनंदा उठवायला आली की लाकडासारखे ताठ होणारे आबा बापूंच्या हातात अंग सैल सोडत होते. जन्मभर सुनेशी समोरासमोर न बोललेला माणूस. ती स्पंज करणार, धोतर बदलणार, म्हणजे शरमेनं ते आक्रसून जायचे. ती समजायची सासरे अडवतात, आणि ते बिचारे संकोचानं मरत होते. दोघांपैकी बोलणार कुणीच नव्हतं. पेशंट अंग चोरतो तेव्हा आम्ही स्नायू तपासतो. इथे स्नायूंचा काही दोष नव्हता.

बापूंनी गावात पाळी लावली. पुरुष सकाळी येऊन आबांना आंघोळ घालायचे, व्यायाम द्यायचे. सोबत येणाऱ्या बायका स्वयंपाकघर ताब्यात घ्यायच्या, स्वतःचा चहा स्वतः करायच्या. ज्यांना नुसतं बसायचं होतं, त्यांचं येणं आपोआप कमी झालं. कबुतराच्या रक्ताचा विषय काढणारे गृहस्थ तर परत दिसलेच नाहीत. विलासनं बोर्ड उतरवला. रविवार त्याच्या वाट्याला आला. पहिल्या रविवारी त्यानं बापाची दाढी केली आणि साबण डोळ्यांत घातला, पण केली.

मोकळ्या वेळाचं काय करायचं, हे सुनंदाला आधी उमगेचना. पहिले काही दिवस ती नुसती झोपली. मग शेजारणीबरोबर मेहरूणच्या तलावावर जाऊन यायला लागली. पुढे धुळ्याला माहेरी राहून आली. परतली तेव्हा माझ्याशी भांडली, की व्यायामात आबांचा घोटा नीट वळवला जात नाही, तुमचं लक्ष नाही. मला फार बरं वाटलं. थकलेली बाई भांडत नाही.

हिवाळ्यात बापूंनी शेतावर भरीत ठेवलं. मलाही बोलावलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. आबा वॉकर धरून, एका बाजूनं बापूंचा आधार घेत, मेटॅडोरपासून निंबाच्या सावलीपर्यंत चालत आले. पुरुषांची पंगत बसली. बापूंनी पहिलं ताट आबांपुढे ठेवलं. सुनंदा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरींची टोपली घेऊन वाढायला निघाली होती.

आबांनी डाव्या हातानं ताट पुढे सरकवलं. बापूंना वाटलं भूक नाही. आबांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, आणि आता ते सगळ्यांनी शिकून घेतलं होतं, म्हणून कुणी मध्ये बोललं नाही.

‘‘आधी... तिले.’’

सुनंदा तशीच उभी राहिली. विलासनं उठून तिच्या हातातली टोपली घेतली. आबांनी स्वतःच्या शेजारची जागा थोपटली. पुरुषांच्या पंगतीत, सासऱ्याच्या शेजारी, ती पदर सावरत बसली आणि जेवली. भरीत तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते धुरावर ढकललं.

आबा पुढे काठीवर चालायला लागले. बोलणं पूर्ण आलं नाही. उजवा हात कामाचा झाला नाही, तसं मी आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर कुणाच्याही घरी पेशंट बघायला गेले, की मी पहिला प्रश्न पलंगावरच्या माणसाला विचारत नाही. पलंगाशेजारी उभं असेल त्याला विचारते, जेवलात का? बहुतेक जण हो म्हणतात. मग विचारते, काय जेवलात? तिथे अडतात. मग मी पर्स खाली ठेवते आणि भेटायला कोण कोण येतं, ते विचारून घेते.