इलिनॉयमधलं अथेन्स

माझे सासरे निवृत्त इतिहासशिक्षक. गेल्या उन्हाळ्यात ते पुण्याहून आमच्याकडे नेपरव्हिलला आले. हवापालट हे निमित्त. खरं काम अमेरिकनांचे उच्चार सुधारणं. पहिल्या आठवड्यात शेजारी, पोस्टमन आणि माझी मुलगी सुधारून झाले.

मी त्यांना लिंकनचं घर दाखवायला स्प्रिंगफील्डला नेत होते. वाटेत ‘अथेन्स’ अशी पाटी दिसली.

“गाडी वळव,” बाबा म्हणाले. अथेन्स दिसल्यावर लिंकन काय, वाट बघू शकतो.

गावात बघायला होतं ते एक छोटं हॉटेल. आम्ही ॲपल पाय आणि कॉफी मागवली. वाढणारी बाई साठीची, गोड. “एऽथेन्सला पहिल्यांदाच?” तिनं विचारलं.

मी डोळे मिटले.

“अथेन्स,” बाबा म्हणाले.

“इथं आम्ही एऽथेन्स म्हणतो.”

झालं. तास सुरू. हे नाव म्हणे ग्रीकांच्याही आधीचं असावं. अथीना देवीवरून गावाला मिळालं की गावावरून देवीला, यावर विद्वान अजून भांडतात. जुन्या ग्रीकमध्ये ते अनेकवचनी, म्हणून इंग्रजीत शेवटी ‘स’. जर्मन आतेन म्हणतात, इटालियन आतेने. आमची कॉफी निवत होती, पण संस्कृतीपुढे कॉफी ती काय!

बाईनं सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, “आज ग्रीक लोक काय म्हणतात?”

“अथीना.”

“मग तुम्ही अथेन्स का म्हणता?”

चाळीस वर्षांच्या नोकरीत बाबांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आम्हाला इंग्रजांनी तसं शिकवलं,” ते हळूच म्हणाले.

“मला माझ्या आईनं,” ती म्हणाली आणि त्यांच्या कपात गरम कॉफी ओतली.

मला हसू दाबवेना. पण बाबाच आधी हसले, इतके की ठसका लागला. मग त्यांनी खिशातली डायरी उघडली आणि तिला तो शब्द पुन्हा सावकाश म्हणायला सांगितलं. तिनं म्हटला. त्यांनी मागोमाग म्हटला, चुकले. तिनं मान हलवली. शिक्षिका कडक होती. तिसऱ्या खेपेला पास केलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी डायरी खिशात ठेवली. मग म्हणाले, “सूनबाई, हे घरी सांगायची गरज नाही.”

मी तेव्हा ‘बरं’ म्हणाले होते.