डब्यांच्या रांगेतलं हेल्मेट

ब्रह्मपुरीत माझी इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होते ती एका पिठाच्या चक्कीवर. चक्कीवाले भाऊ भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे. चक्की आणि चार्जर एकदम चालवले की व्होल्टेज पडतं, म्हणून दोन्हींची रांग एकच: गव्हाचे डबे आणि मधेमधे हेल्मेटं. प्रत्येक स्कूटरला अर्धा तास. कोणी घाई केली की भाऊ हसतात, "डबा बोलते का कधी? मंग हेल्मेटानं काऊन बोलाव?" सरपंचांचं हेल्मेटही शेवटीच लागतं.

परवा नर्सबाई लसींची पेटी घेऊन आल्या. स्कूटरची बॅटरी संपलेली, पेटीतला बर्फ वितळत चाललेला, खेड्यात लेकरं वाट बघत बसलेली. रांगेत पहिला एक डबा होता, दुसरं माझं हेल्मेट. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. भाऊंनी तो पहिला डबा उचलून पार शेवटी नेला आणि त्याच्या जागी बाईंचं हेल्मेट ठेवलं.

"डबा कोणाचा हो?" मी विचारलं.

"माह्याच घरचा. आज पोळी नाई, भात खाऊ." मग माझ्या हेल्मेटवरचं पीठ त्यांनी फडक्यानं पुसलं. "तुमी घाबरू नका, भाऊ. तुमचा नंबर दुसराच हाये."