दाजी जेनेटिक्स शिकतात

चूक झाली की ती कुणीतरी केलेली असणारच, यावर आमच्या दाजींचा जेवढा विश्वास आहे, तेवढा अख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणाचा देवावरही नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं क्वालिटी खात्यात काढली. तिथली पद्धत अशी, की पार्ट बिघडला की पाच वेळा ‘का?’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला चुकीमागचं खरं मूळ सापडतं म्हणतात. दाजींनी ही पद्धत थेरगावच्या फ्लॅटमध्येही आणली. भाकरी करपली की ते ओट्याशी येऊन डाव्या हाताचं एकेक बोट मिटत. “करपली. का? गॅस मोठा होता. का? लक्ष नव्हतं. का नव्हतं?” एकदा ताई तिसऱ्याच बोटाला म्हणाली, “तुम्ही डोक्यावर उभे आहात म्हणून.” चौकशी तिथंच बंद झाली, पण करपलेली भाकरी दाजींनीच खाल्ली, हेही सांगायला हवं.

असा माणूस पन्नाशीच्या तोंडावर बी.एस्सी. जेनेटिक्सला बसला, त्याचं कारण माझी भाची. तिला थॅलेसेमिया आहे. तान्ही असल्यापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हे आईबाप दोघांकडून आलंय, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण दाजींची आई जुन्या वळणाची, मावळातली. “आमच्यात असलं काय न्हाई. सुनंच्या माहेरचंच रगत नासकं,” हे तिनं वर्षानुवर्षं, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, ताईच्या देखत म्हटलं. ताई गिळत राहिली. दाजींचा ना आईवर विश्वास, ना डॉक्टरांवर. “प्रोसेस बघितल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, राव,” असं ते मला म्हणत. मग कंपनीतून व्हीआरएस मिळाली आणि त्यांनी बारावी सायन्सची पिवळी पडलेली मार्कशीट काढून पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला.

पहिल्या दिवशी शिपायानं त्यांना पालकसभेच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं आणि ते चहा घेऊन, प्राचार्यांचं भाषण ऐकून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यांना काका म्हणू लागली. काका सेफ्टी शूज घालून कॉलेजला जायचे, दहाच्या ठोक्याला लेक्चर चालू असलं तरी डबा उघडायचे, कारण फर्स्ट शिफ्टची पोटाला लागलेली सवय. प्रयोगशाळेत फळांवरच्या माश्या बाटल्यांत वाढवतात. दाजींनी भिंगाखाली एकेक तपासून वाकड्या पंखांच्या सगळ्या बाजूला काढल्या आणि फेकायला निघाले. पोरं धावली. “काका, त्याच तर शिकायच्यात!” ते घरी येऊन ताईला म्हणाले, “तिथं वाकड्या पंखाची माशी फेकत नाहीत गं. तिला वेगळी बाटली देतात.” त्या दिवशी ते इतके खूश होते, की मला वाटलं, लागलं एकदाचं यांचं मन.

पण दुसऱ्या वर्षी त्यांनी भर वर्गात उभं राहून बोटं मिटायला सुरुवात केली. जीन बिघडला, का? कॉपी होताना चूक झाली. ती का झाली? मॅडम म्हणाल्या, “होते कधीकधी.”

“कधीकधी हे कारण नाही, मॅडम. ऑडिटर रिपोर्ट परत पाठवेल.”

मॅडम वयानं लहान होत्या, पण समजूतदार. त्या म्हणाल्या, “काका, यात कुणाचीच चूक नसते.”

त्या संध्याकाळी दाजी मला डांगे चौकात भेटले. चहा गार झाला तरी त्यांनी उचलला नाही. “कुणाचीच नाही म्हणजे मी भांडू कुणाशी, भावा?” असं त्यांनी विचारलं. मला त्यांची फार दया आली.

निदान आपल्याकडे हे कुठून आलं, तेवढं तरी शोधायचं त्यांनी ठरवलं. वडील गेलेले. उरली आई. म्हातारी तर घराण्याची अब्रू सिद्ध करायला नवं लुगडं नेसून निघाली. “काढा किती काढायचं ते रगत.” रिपोर्ट आला. दाजींनी तो सगळ्यांना बसवून, कंपनीतल्या मीटिंगसारखा वाचला. “निम्मं हिच्याकडून, निम्मं माझ्याकडून, आणि माझं, आई, तुझ्याकडून.” ताई आता सुटली, एवढंच त्या भल्या माणसाच्या डोक्यात होतं.

म्हातारी फक्त “व्हय?” म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नातीला हात लावणं सोडलं. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालायची, ते बंद. दाजींनी परोपरीनं समजावलं. आई, हे हात लावून होत नाही, यात कुणाचीच चूक नसते. मॅडमचं वाक्य त्यांनी कितीदा तरी म्हटलं. पण त्यांना स्वतःलाच जे पटलं नव्हतं, ते आईला काय पटणार? शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला ते गेलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “शिकून काय केलं मी? आधी घरात एक बाई रडायची, आता दुसरी रडते.”

मागच्या आठवड्यात सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताईनं तेलाची वाटी आणि फणी आणून सासूपुढे ठेवली, मुलीला तिच्यासमोर पाट देऊन बसवलं आणि म्हणाली, “आई, हिच्या वेण्या घाला. शाळेला उशीर होतोय.”

म्हातारीनं हात पदराखाली घेतले. “नगं बाई. माझ्यापायी आणि काय व्हायचं पोरीला.”

“माझ्या हातचं रोज जेवते ती,” ताई म्हणाली. “माझंही निम्मं आहेच की त्यात.”

म्हातारीनं हात पदराबाहेर काढले आणि फणी उचलली. दाजी उठून गॅलरीत गेले आणि भाची शाळेला निघाली तरी आत आले नाहीत. मलाही त्यांच्यामागे जाववलं नाही.