परवा डोंगरावर आग नव्हती

ताईजी जळून मेल्या नाहीत.

हे आधी लिहितो, कारण कालपासून ग्रुपवर एका फोटोसकट तेच फिरतंय.

फोटोतला धूर गेल्या वर्षीचा आहे. तो फोटो मीच काढला होता. परवा डोंगरावर कोणी एक काडीही पेटवली नव्हती. मी तिथे होतो.

लक्ष्मी ताल या तळ्याजवळ राहणाऱ्या, रेल्वेतून रिटायर झालेल्या शैलाताईजी. आम्हा व्हॉलंटियर्सना डोंगरावर त्याच घेऊन जायच्या.

मोहाची फुलं पडायला लागली की वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं नीट दिसतात. तीच आग वर जंगलात चढते. ताईजी म्हणायच्या, "आपणच पाला झाडून ठेवला तर ते जाळतील कशाला?"

म्हणून दर रविवारी आम्ही झाडू घेऊन जायचो.

पहिल्या दिवशी गावातली रामकली हसली, "काए बाई, घरे झाड़बे कछू नइयाँ?"

"घर में बहू झाड़ती है। वहाँ मेरी चलती नहीं।"

दुसऱ्या रविवारी रामकली स्वतःचा झाडू घेऊन आली.

मी घाबरट. पाचोळा वाजला की मला अस्वलच आलंय असं वाटायचं.

ताईजी म्हणायच्या, "अरे, त्याला मोहाची फुलं हवीत. तू नकोयस."

परवा झाडता झाडता त्या खाली बसल्या. "पाणी दे रे जरा," म्हणाल्या.

मी बाटली उघडेपर्यंत मान कलली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

वर फोनला रेंज नव्हती. रामकली धावत गेली, खाट आणवली. तिच्या नवऱ्याने आणि दिराने ताईजींना खाली रस्त्यापर्यंत आणलं.

त्याच नवऱ्याला काल पोलीस घेऊन गेले. म्हणे, आग त्याने लावली.

रामकलीचा फोन आला. "भैया, तुम तो उतईं हते। कह दो।"

तिथेच होतो, ठाण्यात सांगतो, म्हणालो. फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं.

बाबा म्हणतात, "ठाण्याची पायरी चढू नकोस. एकदा नाव लागलं की सुटत नाही."

बाबांचं खोटं नाही. मलाही तीच भीती वाटते.

पण रामकलीचा नवरा सुटला नाही तर? गाव आम्हाला पुन्हा वर जाऊ देईल का? आणि रागाच्या भरात कोणी खरंच काडी लावली तर?

मूळ फोटो तारखेसकट माझ्या फोनमध्ये आहे. डॉक्टरांचा कागद ताईजींच्या मुलाने दिलाय. दोन्ही घेऊन ठाण्यात निघालोय.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवलाय, त्यांनी डिलीट करा.

ताईजी, तुम्हाला शेवटचा नमस्कार.

रडायला अजून वेळ मिळालेला नाही.