आबा नको म्हणतात

सुगंधाबाईंच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. यावलकडच्या त्यांच्या गावात बहुतेक घरांत तेच होतं. जीवरामआबा ओसरीवर आले की मंदा डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत सरकायची. तिला आबांना काही विचारायचं असलं तर ते सुगंधाबाईंच्या तोंडून जायचं आणि उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं.

निरोप नेता नेता सुगंधाबाई त्यात थोडं काढायच्या, थोडं घालायच्या. डॉक्टरांनी आबांना गोड कमी सांगितलं तेव्हा मंदानं विचारलं, "चहात साखर कमी घालू का?" आबांपर्यंत पोचलं ते असं, "सून म्हन्ते, साखर लवकर संपते." आबा कधी म्हणाले, "आज वांग्याचं भरीत झ्याक झालं," तर ते चुलीपर्यंत यायचंच नाही. त्यात आपण काही वाईट करतो असं सुगंधाबाईंना वाटत नसे. आपल्याला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नाही, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते गोड लागत होतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मंदाचा भाऊ तोताराम सोनगीरहून तिला न्यायला आला. आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात. न्यायला आलेल्या मुऱ्हाळ्याला रिकामा परत पाठवणं म्हणजे अपमानच. मंदाची पिशवी आदल्या दिवशीच भरलेली होती. पण सुगंधाबाईंची स्वतःची लेक भुसावळहून पोरं घेऊन यायची होती. चार दिवस तिच्या हाताला काम लागू नये, असं त्यांना वाटत होतं. मग भाकऱ्या कोण थापणार, पापड कोण लाटणार?

आबा तेव्हा मळ्यात केळीला पाणी देत होते. सुगंधाबाई अंगणापर्यंत गेल्या, गोठ्यात डोकावल्यासारखं केलं आणि परत आल्या.

"आबा नको म्हणतात. पुढच्या महिन्यात जा."

तोतारामनं हातातला पेला खाली ठेवला. "गावन्या बठ्ठ्या पोरी घर उन्यात, आत्याबाई. माय वाट देखी राह्यनी." गावातल्या सगळ्या पोरी घरी आल्या, आई वाट बघते आहे, हे दुसऱ्यांदा सांगून तो उन्हातच निघून गेला.

पुढच्या महिन्यात मंदा गेली ती आईच्या मातीला. ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झालं, पण मंदा लहानग्या पोरीला घेऊन तिकडेच राहिली. नवरा, निंबा, आणायला गेला तर म्हणाली, "आबांनी मला आईला शेवटचं भेटू दिलं नाही. त्या घरात मी पाय ठेवणार नाही." निंबानं बापाला जाब विचारला नाही. त्याच्याशी बोलणंच टाकलं. जेवण मळ्यात मागवायला लागला. आबा ओसरीवर बसून म्हणायचे, "निंब्याची माय, पोरगं असं का वागू रायलं?" सुगंधाबाई तांदूळ निवडत राहायच्या.

शेवटी मंदानंच तोतारामजवळ निरोप दिला, जळगावात कुटुंब सल्ला केंद्र निघालंय, तिथे सगळ्यांनी यायचं, मग बघू. सुगंधाबाईंनी खूप नाकं मुरडली. "घरातलं बाजारात मांडायचं का?" पण आबा म्हणाले, "नात दिसंल," आणि धोतर नेसून एसटीत बसले.

केंद्राच्या वाणी मॅडम तरुण होत्या. सुगंधाबाईंना वाटलं, ही काय समजावणार. मॅडमनी आबांना विचारलं, "तुम्हाला सून कशी वाटते?"

"त्यांना वाटतं की..." सुगंधाबाई म्हणाल्या.

मॅडमनी मंदाला विचारलं, "तुला घरात काय जड गेलं?"

"तिला ना, शेतातलं काम..." सुगंधाबाई म्हणाल्या.

निंबा खिडकीबाहेर बघत हसला. किती दिवसांनी हसला होता, आणि तेही असं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुगंधाबाईंना उठून भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मधली खुर्ची बाजूला केली. "आता मंदाताई, जे सांगायचं ते आबांना सांगा. पदर असू द्या. हवं तर त्यांच्याकडे बघू नका."

 मंदानं तोंड दाराकडे केलं आणि पदराआडून म्हणाली, "आबा, आखाजीला मला का नाही पाठवलं?"

 सुगंधाबाईंना उठून मध्ये जावंसं वाटलं. पण मध्ये आता जागाच नव्हती.

आबांना सुनेचा आवाज असा समोरून कधी ऐकूच आला नव्हता. ते गोंधळले. "पोरी, मले कोनी इचारलंच नाही. मी तर समजलो, तुलेच जायचं नव्हतं. मुऱ्हाळी येऊन गेला, हे मले गावात कळलं."

निंबानं आईकडे मान वळवली. मंदानंही. आबांनी वळवली नाही. जमिनीकडे बघत म्हणाले, "इसरली असशील, निंब्याची माय. कामाच्या घाईत."

बायको उघडी पडू नये म्हणून त्यांनी ती वाट करून दिली होती. सुगंधाबाईंनी नुसती होकाराची मान हलवली असती तर भागलं असतं. मंदाही कदाचित पोरीसाठी घरी आली असती. सुगंधाबाईंनी आबांच्या पायातल्या धुळीनं भरलेल्या वहाणांकडे बघितलं. महिनोन्‌महिने हा माणूस न केलेल्या गोष्टीसाठी पोराचा अबोला सोसत होता.

"इसरले नाही," त्या म्हणाल्या. "माझी लेक येनार व्हती. तिले आराम पाह्यजे म्हनून मी हिला ठेवलं. यांचं नाव घेतलं."

 मंदा म्हणाली, "भाकऱ्या भुसावळच्या ताईंनी थापल्या असत्या, आत्याबाई. चार दिवस."

"सुचलंच नाही," सुगंधाबाई म्हणाल्या. ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लाजिरवाणं होतं.

मंदा रडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. "माझी आई तर परत येत नाही," एवढं म्हणून तिनं पोरीला उचलून आबांच्या मांडीवर ठेवलं.

केंद्रात अजून बऱ्याच खेपा झाल्या. दिवाळीच्या आधी मंदा घरी आली. सुगंधाबाईंशी ती कामापुरतं बोलते, नीट बोलते, आणि त्या 'नीट'चाच त्यांना धाक वाटतो. निंबा मात्र घरात जेवायला बसायला लागला. पहिल्याच संध्याकाळी मंदा चुलीपासून, पदर सावरत, जरा मोठ्यानं म्हणाली, "आबा, गरम भाकर आत्ता वाढू का थांबू?"

सुगंधाबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. त्यांनी ते मिटलं आणि पाटावर गप्प बसून राहिल्या.

"आत्ताच वाढ, पोरी," आबा म्हणाले.