करडी ओळ

गोविंदरावांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चेन्नईच्या गिंडी स्टेशनचा जिना उतरत होते. एरवी ती माझ्याशी तमिळच बोलते. त्या सकाळी मराठीत म्हणाली, "अक्का, अप्पा गेले." सांगायला लाज वाटते, पण दुःखाआधी मला भीती वाटली... आता नवा पंप कोण तपासणार?

रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात लिहिलं जातं. गोविंदराव तिथले सर्वांत जुने, तंजावरकडचे मराठी. माझ्या पुणेरी बोलण्याला हसायचे. "सगळं कसं घाईत, म्मा. तुझ्या कोडसारखं." सगळ्या मॉडेलांचा सी भाषेतला कोड एकाच फाईलमध्ये, आणि ज्याच्या-त्याच्या खास भागाभोवती इफडेफचं कुंपण. कुंपणावर मॉडेलचं नाव असेल तर आतला कोड त्या पंपात जातो. नसेल तर पंपासाठी बिल्ड तयार करणारा कंपायलर तो गाळून पुढे जातो, चकार शब्द न काढता. पडद्यावर तेवढ्या ओळी करड्या दिसतात, इतकंच.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी लहान मुलांचा पंप माझ्याकडे आला. नळी दुमडली की वाजणाऱ्या अलार्मच्या कुंपणावर मी नव्या मॉडेलचं नाव घालायला विसरले. बिल्ड विनातक्रार पार पडलं. कुठलाही पंप बाहेर जाण्याआधी गोविंदराव आपली एक जुनी नळी घेऊन येत, तसे आले. नळी जोडून अंगठ्यानं दाबली आणि मोजू लागले. ओन्नु, रेण्डु, मूणु... अलार्म पाचाच्या आत वाजायला हवा. ते वीसपर्यंत गेले. पंप आपला घुरघुरत चाललेला. पलीकडच्या टोकाला एखादं मूल असतं तर...

ते ओरडले नाहीत. "करड्या ओळी कोण वाचतंय, अं?" एवढंच म्हणाले. मग शेजारी बसून त्यांनी कुंपणाच्या शेवटी एक ओळ घातली. कुठल्याच मॉडेलचं नाव जुळलं नाही तर बिल्ड तिथंच थांबावं, आणि पडद्यावर दिसावं : निल्लु म्मा, अलार्म कुठे? निल्लु म्हणजे थांब.

"हे क्लायंट वाचेल," मी म्हटलं.

"वाचू दे की. थांबायचंय तुला."

त्यांच्या तेराव्यानंतर नव्या पंपाचं बिल्ड मी एकटीनं सुरू केलं. तपासल्याची सहीही माझी एकटीचीच होणार होती. अर्ध्यावर बिल्ड थांबलं. लाल अक्षरांत, त्यांच्या त्या वेड्यावाकड्या रोमन मराठीत : निल्लु म्मा, अलार्म कुठे? मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. इतक्या वर्षांनी तीच चूक, त्याच कुंपणावर... आणि प्रत्येक कुंपणावर काही त्यांची ओळ नाही. बाकीच्या ठिकाणी मी काय विसरले असेन?

तीन दिवस मी नुसत्या करड्या ओळी वाचत होते. जिथं नव्हती तिथं त्यांची ओळ घालत गेले, शब्द न बदलता. शेवटी अलार्मच्या कुंपणावर नाव घातलं, तशी त्यांची मूळ ओळ करडी झाली. बिल्ड मुकाट पार पडलं. त्या मुकेपणाचीच मला आता जास्त धास्ती वाटते.

नळी अजून त्यांच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावर आहे. मध्ये एका जागी चपटी झालेली, त्यांच्या अंगठ्याएवढी. मी ती पंपाला जोडली, तिथंच दाबली. ओन्नु... रेण्डु... मूणु... नालु...

अलार्म वाजला. तरी मला नळी सोडवेना.